लिलावाच्या तळातले गडी

प्रो कबड्डी लीगच्या लिलावात एखाद्या चढाईपटूवर दोन कोटींच्या वर बोली गेली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र हमखास झळकते. परंतु त्याच लिलावाच्या अखेरीस, बहुतेक संघांची थैली रिकामी होत आलेली असताना, नऊ लाखांच्या मूळ किमतीला कोण कोण उचलले गेले याची दखल क्वचितच कोणी घेतो. गेल्या काही हंगामांचे निकाल आणि त्या त्या वेळच्या संघयाद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर विजेतेपदाचा आणि नामुष्कीचा फैसला बहुतांशी या दुर्लक्षित यादीतच झालेला दिसतो. लिलावातील बोली ही खेळाडूच्या कुवतीची किंमत नसून त्याच्या आतापर्यंत दिसलेल्या खेळाची किंमत असते, आणि जो गडी कोणाच्या नजरेसच पडलेला नाही त्याची किंमत ठरवण्याचे साधन लिलावापाशी नसते. तेलंगणच्या उत्तर टोकाला, आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी मंडलासारख्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागात, जिथे हैदराबादचा तेलुगू टायटन्स हा राज्याच्या नात्याने घरचा आणि पुणेरी पलटण किंवा यू मुंबा हे भाषेच्या नात्याने घरचे ठरतात, तिथल्या प्रेक्षकाला महागड्या खेळाडूभोवती संघ उभारणे आणि तळातले गडी हेरून संघ उभारणे या दोन प्रकारच्या संघबांधणीतील फरक जवळून न्याहाळता आला आहे.

लिलावाची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झालेल्या आणि २०१७ पासून बारा संघांच्या झालेल्या या स्पर्धेत प्रत्येक संघाला खर्चाची कमाल मर्यादा घालून दिलेली असते. दहाव्या हंगामापासून, म्हणजे २०२३ पासून, ती पाच कोटी रुपये आहे. या रकमेत किमान अठरा आणि कमाल पंचवीस खेळाडूंचा ताफा उभा करावा लागतो. लिलावात येणारे खेळाडू चार गटांत विभागलेले असतात: अ गटाची मूळ किंमत तीस लाख, ब गटाची वीस, क गटाची तेरा आणि ड गटाची नऊ लाख. नावे वरून खाली पुकारली जातात, त्यामुळे अ आणि ब गटांतील चुरशीत हात सैल सोडणाऱ्या संघमालकांना क आणि ड गटांपर्यंत येता येता जपून पाऊल टाकावे लागते. यांखेरीज प्रत्येक संघाला काही जुने खेळाडू लिलावाबाहेर कायम ठेवता येतात, नवोदित तरुण खेळाडू या नावाच्या वेगळ्या वर्गातून विशीच्या आसपासची मुले थेट करारबद्ध करता येतात, आणि ज्या खेळाडूला आपण सोडले त्याच्यावर दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून त्याला परत मिळवण्याचा मर्यादित हक्कही असतो.

या हिशेबातला काच एका उदाहरणाने ध्यानात येतो. दहाव्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी दोन कोटी साठ लाख पन्नास हजार रुपये मोजले, आणि तो तोवरचा स्पर्धेतील सर्वांत मोठा आकडा होता. पाच कोटींतून ही रक्कम वजा केल्यावर दोन कोटी एकोणचाळीस लाख पन्नास हजार उरतात, आणि किमान सतरा आणखी गडी घ्यायचे म्हटले तर सरासरी एकेकाच्या वाट्याला चौदा लाख येतात. पवनने त्या हंगामात दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले, म्हणजे त्याच्या कामात कसूर नव्हती. पण संघाने बावीस सामन्यांपैकी केवळ दोन जिंकले आणि तो गुणतक्त्याच्या तळाशी राहिला. कबड्डीत एकावेळी सात गडी मैदानात असतात आणि चढाई करणारा बाद झाला की त्याचे पुन्हा आत येणे सर्वस्वी त्याच्या सहकाऱ्यांनी मिळवलेल्या गुणांवर अवलंबून असते. सर्वांत महागडा खेळाडू बाकावर बसलेला असताना त्याला उठवून आत आणण्याचे काम चौदा लाखांच्या गड्यांना करायचे असते, आणि नेमके तेच त्या संघाला साधले नाही.

याच हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, हैदराबादच्या गच्चीबावली येथील मैदानात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. पुण्याने इराणच्या मोहम्मदरझा शादलूई या अष्टपैलू खेळाडूवर दोन कोटी पस्तीस लाख खर्च केले होते, तेव्हा महागडा खेळाडू घेणे हीच चूक असे सरसकट म्हणता येत नाही. फरक होता तो उरलेल्या सहा जागांत. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही मंडळी पुण्याने आधीच्या हंगामांत कमी मोबदल्यात, तरुण वयात हाताशी धरून तयार केली होती, आणि म्हणूनच शादलूईसाठी तिजोरी मोकळी राहिली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेला अस्लम त्या हंगामात संघाचा कर्णधार होता, आणि स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताबही त्यालाच मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणला नमवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश हे दोघेही होते. साखळी फेरीतील बावीस सामन्यांत पुण्याने सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन गमावले.

कमी किमतीच्या निवडीतून मोठे फळ मिळण्याचा हा प्रकार जगभरच्या व्यावसायिक खेळांत दिसतो, आणि त्याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिकडचे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. त्यातील नॅशनल फुटबॉल लीगचे बत्तीस संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची दर वर्षी सात फेऱ्यांत आळीपाळीने निवड करतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. २००० साली टॉम ब्रेडी हा मिशिगन विद्यापीठाचा खेळाडू सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पुढे त्याने सात वेळा अंतिम विजेतेपद मिळवले. २०२२ साली ब्रॉक पर्डी हा तर २६२ वा, म्हणजे त्या वर्षीचा अगदी शेवटचा खेळाडू होता. शेवटच्याला थट्टेचा किताब देण्याची तिकडे रीत आहे, आणि त्याच पर्डीने दोन वर्षांच्या आत आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. तरीही अमेरिकेतील दुर्लक्ष आणि इकडचे दुर्लक्ष यांत एक मूलभूत भेद आहे. ब्रेडीचा प्रत्येक सामना चित्रित झालेला होता, त्याची धाव आणि उडी घड्याळ लावून मोजलेली होती. निवडणाऱ्यांनी त्याला पाहिले आणि चुकीचे जोखले. कबड्डीतील बहुसंख्य दुर्लक्षित खेळाडूंबाबत जोखण्याची वेळच येत नाही, कारण त्यांचे सामने ना चित्रित होतात ना मोजले जातात.

जे सामने मोजले जातात त्यांतही मोजमाप एका बाजूला झुकलेले असते, आणि चाणाक्ष प्रशिक्षकाला स्वस्त खेळाडू सापडतात ते बहुधा याच झुकावामुळे. चढाई करणाऱ्याला एका सामन्यात वीसेक वेळा संधी मिळते आणि प्रत्येक यशस्वी स्पर्शाचा गुण त्याच्या नावावर चढतो. बचाव करणाऱ्याला संधी थोड्या, आणि त्यातही पकडीचा गुण साधारणपणे ज्याने ती सुरू केली त्याच्याच खात्यावर जातो. कोपरारक्षकाने घातलेली घोट्याची पकड बारकाईने पाहिली तर या हिशेबातली उणीव उघड होते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा असते. सहा किंवा अधिक बचावपटू मैदानात असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत ठेवला तर त्याला जादा गुण मिळतो. याचाच अर्थ असा की त्या निमिषभरात त्याच्या देहाचा सारा भार एकाच पायावर असतो आणि तो पाय मागे ओढेपर्यंत त्याला दिशा बदलता येत नाही. चांगला कोपरारक्षक या निमिषाची वाट पाहत गुडघ्यात वाकून, साखळीतील शेजाऱ्याच्या हातावर बोटांची पकड ठेवून, चढाईपटूच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या कमरेकडे पाहत असतो, कारण डोळे फसवतात आणि कंबर सहसा फसवत नाही. पाय टेकला की तो साखळी सोडून दोन्ही हातांनी घोटा धरतो, डोके मांडीच्या बाहेरच्या बाजूला ठेवतो आणि घोटा स्वतःच्या छातीकडे ओढतो. एवढ्याने काम होत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी एक पाय धरलेला असतानाही उडी घेऊन मध्यरेषेच्या दिशेने सरकतोच, आणि त्याच क्षणी मध्यरक्षकाने येऊन कमरेत धडक दिली नाही तर पकड सुटते, चढाईपटूला गुण मिळतो आणि धरायला आलेले सगळेच बाद होतात. गुणतक्त्यात कोपरारक्षकाची पकड दिसते, मध्यरक्षकाची धडक दिसत नाही. असा मध्यरक्षक लिलावात अनेकदा मूळ किमतीच्या आसपास मिळून जातो, आणि ज्या संघाला त्याच्या कोपरारक्षकाशी जुळणारा मध्यरक्षक तळातून सापडतो त्याची पकड अचानक सुधारल्यासारखी वाटते.

बचावपटूचा विचार करताना एकूण गुणांपेक्षा प्रयत्न आणि यश यांचे प्रमाण पाहिले पाहिजे, हे प्रशिक्षकांना ठाऊक असले तरी बोलीच्या गर्दीत ते विसरले जाते. दहा प्रयत्नांत सहा पकडी करणारा बचावपटू वीस प्रयत्नांत आठ पकडी करणाऱ्यापेक्षा संघाच्या अधिक कामाचा असतो, कारण फसलेला प्रत्येक प्रयत्न प्रतिस्पर्ध्याला किमान एक गुण देऊन जातो. तक्त्यात मात्र दुसऱ्याच्या नावापुढे आठ आणि पहिल्याच्या नावापुढे सहा दिसतात. असाच डोळाझाक झालेला दुसरा वर्ग म्हणजे तिसऱ्या चढाईचे खेळाडू. एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे सक्तीचे होते, अन्यथा चढाई करणारा बाद ठरतो. समालोचक तिला करो या मरो चढाई म्हणतात. संघ आपला मुख्य चढाईपटू अशा जोखमीला सहसा पुढे करत नाहीत. ते काम दुसऱ्या किंवा तिसऱ्या चढाईपटूकडे येते, आणि तीस सेकंदांत दबा धरून बसलेल्या बचावातून एक गुण काढून परतणारा हा गडी हंगामाअखेर जेमतेम पन्नास-साठ गुणांवर थांबतो. त्याची यादीतील जागा खाली असते, पण अटीतटीचे सामने त्याच्याच चढायांवर फिरतात.

दुर्लक्षाचे आणखी एक कारण वयोगटांच्या स्पर्धांमध्ये दडलेले आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. किशोर आणि कुमार गटांच्या राष्ट्रीय स्पर्धांत वयाबरोबर वजनाचीही अट असते, आणि व्यावसायिक संघांचे निवडकर्ते नवोदितांचा शोध घेण्यासाठी प्रामुख्याने याच स्पर्धांना हजेरी लावतात. सोळा-सतराव्या वर्षीच उंच आणि भरदार झालेला मुलगा, जो पुढे उत्तम कोपरारक्षक होण्याची शक्यता सर्वाधिक असते, तो वजनाच्या काट्यावरच बाद होतो आणि त्याला थेट खुल्या गटात, कसलेल्या पुरुष खेळाडूंसमोर, राखीव म्हणून बसावे लागते. उलट टोकाला, उशिरा अंग धरणारा शिडशिडीत मुलगा कुमार गटात भावी चढाईपटू म्हणून नजरेत भरत नाही आणि अंगात ताकद येईपर्यंत त्याचे कुमारपण संपलेले असते. दोन्ही प्रकारचे खेळाडू निवडीच्या चाळणीतून गळतात, आणि दोन-चार वर्षांनी रेल्वे, सेनादल, पोलीस किंवा महाराष्ट्रात ज्याला व्यवसायी गट म्हणतात त्या कंपन्या-बँकांच्या संघांतून पुन्हा वर येतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई हे अशा उशिरा सापडलेल्या खेळाडूचे ठळक उदाहरण आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला झालेल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राने सेनादलावर ३४-२९ अशी मात करून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवले, आणि त्याच वर्षीच्या लिलावात यू मुंबाने सिद्धार्थला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पंचविशी उलटलेल्या, लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या खेळाडूसाठी ही रक्कम कमी नव्हती. पण त्याच लिलावात सहा जणांवर कोटीच्या घरात किंवा पुढे बोली लागली होती, हे पाहता ती मोठीही नव्हती. सिद्धार्थने पदार्पणाच्या हंगामात एकवीस सामन्यांत २१८ चढाईगुण मिळवले. पुढच्याच वर्षी त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लावून तेलुगू टायटन्सने त्याला हैदराबादला नेले, जिथे त्याने जवळजवळ तितकेच गुण मिळवूनही संघ बारांमध्ये अकरावा आला. एका खेळाडूच्या दोन लागोपाठच्या हंगामांत इतकी सारखी कामगिरी आणि त्याच्या किमतीत चौपट अंतर हे लिलावशास्त्राच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे: ज्याने त्याला आधी पाहिले त्याला तो स्वस्त पडला, आणि ज्याने त्याला दूरचित्रवाणीवर पाहिले त्याला तो महाग पडला. पवन सेहरावतचा प्रवासही याला धरूनच आहे. पाचव्या हंगामात गुजरातच्या संघात तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. सहाव्या हंगामात बंगळूरू बुल्सने त्याला अर्ध्या कोटीच्या आसपास घेतले, आणि त्याने २७१ चढाईगुणांच्या बळावर त्यांना विजेतेपद मिळवून दिले.

आदिलाबादच्या मराठी पट्ट्याबाबत ही चाळणी आणखी एका कारणाने बारीक होते. पैनगंगेच्या काठाने पाहिले तर नांदेड जिल्ह्यातील किनवट, यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा आणि आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे एकमेकांना लागून असलेले, कपाशीच्या काळ्या जमिनीचे, मराठीसह गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलींचे मुलूख आहेत. पण राष्ट्रीय स्पर्धेत किनवटचा मुलगा महाराष्ट्राकडून खेळू शकतो, विदर्भाची संघटना स्वतंत्र असल्यामुळे पांढरकवड्याचा मुलगा विदर्भाकडून, आणि तामसीचा मुलगा तेलंगणाकडून. सणासुदीच्या बक्षिसाच्या सामन्यांत हे तिघेही एकाच मैदानावर एकमेकांविरुद्ध उतरू शकतात, एकमेकांचे डावपेच जाणू शकतात. पण निवडीची वेळ आली की तिघांच्या वाटा मुंबई, नागपूर आणि हैदराबाद अशा तीन दिशांना फुटतात. यांतील पहिली वाट सर्वांत गर्दीची, कारण महाराष्ट्राच्या संघात शिरण्यासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगली, ठाणे, रायगड इथल्या पिढीजात क्लबांच्या खेळाडूंशी गाठ असते. तिसरी वाट तुलनेने मोकळी आहे, कारण हरियाणा किंवा महाराष्ट्राशी ताडून पाहता लीगमध्ये तेलंगणचे खेळाडू थोडेच आहेत. तरीही आदिलाबादपासून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे, आणि राज्य निवड व सरावशिबिर यांसाठी शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातील मुलाला वर्षातून अनेक वेळा ते अंतर कापावे लागते. महाराष्ट्रातील निवडकर्त्याच्या दृष्टीने तो परराज्यातला आणि हैदराबादच्या निवडकर्त्याच्या दृष्टीने तो शेवटच्या टोकाचा असतो.

या भागातील खेळाडूंना मैदानापासूनच वेगळी तयारी करावी लागते. व्यावसायिक कबड्डी मॅटवर, बूट घालून खेळली जाते. गावातली कबड्डी मातीवर, अनवाणी. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कडक होऊन भेगाळते, म्हणून सामन्यांसाठी मैदान खणून, माती चाळून, पाणी मारून आणि रोलर फिरवून सपाट करावे लागते, आणि तरीही दुसऱ्या डावापर्यंत ती भुसभुशीत होते. अशा मातीत पाय घसरतो हे गृहीत धरूनच मुले खेळायला शिकतात: चढाई करताना लांब झेप घेण्यापेक्षा लहान, जवळची पावले टाकतात, चवड्याने स्पर्श करण्यावर भर देतात आणि पकडीत खांद्याच्या धडकेपेक्षा घोट्यावर व मांडीवर अधिक विसंबतात. मॅटवर बुटाचा तळवा धरून ठेवतो, त्यामुळे अशा मुलाचा पाय पहिले काही महिने गुडघ्यात अडखळतो, वळताना इजा होण्याची भीती असते, आणि दोन दिवसांच्या निवडचाचणीत तो बावळट दिसण्याचीच शक्यता जास्त. ज्या प्रशिक्षकाला ही गोष्ट ठाऊक आहे तो मातीवरच्या खेळाडूचा वेग न पाहता त्याच्या पावलांची शिस्त पाहतो, कारण वेग सरावाने येतो आणि मातीने शिकवलेली तोल सांभाळण्याची सवय मॅटवरच्या मुलाला नंतर शिकवणे कठीण जाते. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेच्या आश्रमशाळांमधील क्रीडास्पर्धांत कबड्डी हा कायमचा प्रकार आहे आणि तिथे गोंड, कोलाम, बंजारा मुलांची खेळण्याची तयारी वाखाणण्याजोगी असते. या स्पर्धांकडे व्यावसायिक संघांचे लक्ष जावे असे वाटणे अतिशयोक्तीचे नाही, जरी त्या संघांची माणसे अजून तरी मुख्यतः हरियाणाच्या आखाड्यांभोवतीच फिरताना दिसतात.

अलीकडे ही फट थोडीफार बुजू लागली आहे. लीगच्या वतीने भावी खेळाडूंसाठी राज्याराज्यांत चाचण्या घेण्याचा उपक्रम पाचव्या हंगामाच्या सुमारास सुरू झाला आणि नवोदित तरुण खेळाडूंचा वर्ग त्यातूनच आकाराला आला. २०२२ पासून युवा कबड्डी मालिका या नावाने विशीच्या आतबाहेरच्या मुलांसाठी वेगळी स्पर्धा भरू लागली, जिचे सामने चित्रित होतात आणि आकडे नोंदले जातात. पुणेरी पलटणने युवा पलटण या नावाने आपला तरुणांचा संघच अशा स्पर्धांत उतरवला आहे. लिलावात जाऊन तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा अठराव्या वर्षी मुलगा हाती घेऊन त्याला आपल्याच पद्धतीने घडवणे हा पुण्याचा खाक्या आहे, आणि दहाव्या हंगामातील विजेतेपद हे त्याचे पहिले मोठे फळ. दबंग दिल्लीने सहाव्या हंगामात याच मार्गाने नवीन कुमार हा चढाईपटू मिळवला होता. पुढच्याच हंगामात त्याने तीनशेहून अधिक चढाईगुण मिळवले, आणि आठव्या हंगामात, २०२२ साली, दिल्लीने पाटण्याला एका गुणाने हरवून विजेतेपद पटकावले.

त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून सर्वाधिक चौदा गुण नवीनने नव्हे तर विजय मलिक या अष्टपैलू खेळाडूने मिळवले होते, आणि हाच विजय पुढे तेलुगू टायटन्सच्या कायापालटाला कारणीभूत ठरला, हे हैदराबादच्या संघाच्या इतिहासातील अनपेक्षित वळण म्हणावे लागेल. अकराव्या हंगामात, २०२४ साली, पवन सेहरावत दुखापतीने बाहेर गेल्यावर विजयने संघाचा भार उचलला आणि तीन हंगाम तळाशी असलेला संघ बाद फेरीच्या उंबरठ्यापर्यंत, सातव्या स्थानावर पोहोचला. बाराव्या हंगामाच्या लिलावात टायटन्सने पवनला परत घेण्याचा हक्क वापरला नाही. तो तमिळ थलैवाजकडे ५९ लाख ५० हजारांना गेला, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. विजय मलिकच्या नेतृत्वाखाली, भरत हुडासारख्या खेळाडूंना बरोबर घेऊन टायटन्सने २०२५ चा हंगाम खेळला, बाद फेरी गाठली आणि अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे पुणेरी पलटणकडून पराभव पत्करला. तामसीच्या मराठी प्रेक्षकाचे दोन घरचे संघ त्या रात्री समोरासमोर होते, आणि दोन्ही बाजूंना थैलीचा विचार करून जमवलेले गडी खेळत होते.

संघाला स्वस्तात मिळालेला खेळाडू त्याच्या घरच्यांना कितपत लाभदायक ठरतो हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खेळाडू कोणत्या दाराने आत आला यावर बरेचसे अवलंबून असते. नवोदित म्हणून थेट करारावर आलेल्या मुलाला चांगल्या हंगामानंतरही संघ लिलावाबाहेर राखून ठेवू शकतो, त्यामुळे त्याची बाजारातील किंमत खुलेपणाने ठरायला काही वर्षे जातात. ड गटातून मूळ किमतीला घेतलेल्या खेळाडूला मात्र संघाने सोडले की पुढच्याच लिलावात सर्वांसमोर बोली लागते. अकराव्या हंगामात पाटणा पायरेट्सला अंतिम सामन्यापर्यंत नेणारे देवांक आणि अयान हे दोन तरुण चढाईपटू या दोन दारांचे नमुने आहेत. देवांकने त्या हंगामात ३०१ चढाईगुण मिळवले, पाटण्याने त्याला कायम न ठेवल्यामुळे तो २०२५ च्या लिलावात आला, आणि बंगालच्या संघाने त्याच्यासाठी दोन कोटी वीस लाख पन्नास हजार मोजले. नवोदितांच्या वर्गातून आलेला अयान लिलावात आलाच नाही, तो पाटण्याकडेच राहिला.